शिक्केदादा

शिक्केदादांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करतात. पदवी असो, लग्नपत्रिका असो, हॉटेलचं मेनूकार्ड असो. "पुढच्या बाजूला काय, कोणीही काहीही छापतं," ते म्हणतात, "कागदाची लायकी मागून कळते." सख्ख्या पुतणीची पत्रिकासुद्धा त्यांनी हळदीच्या मांडवात उलटून पाहिली. मागे कोरं निघालं. त्यांचा चेहरा असा झाला, की मुलाकडच्यांना काही कळलं तर नसेल ना, अशी मलाच धास्ती वाटली.

घणसोली गावातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचं दुकान आहे. समोरून मोटारसायकल आली की गिऱ्हाईक आपोआप आत येतं, इतकी अरुंद. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत बसून जग चालवणारी मंडळी परदेशी जायला निघाली, की याच गल्लीत येऊन उभी राहतात. आजोबांची भातशेती सिडकोत गेली, आणि त्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाच्या वडिलांच्या फाइलीमागे धावता धावता दादांना कागद चालवण्याची विद्या आली. भूखंडाचं काय झालं ते विचारायचं नाही. विद्या मात्र पक्की आहे.

त्यांचा एकच शत्रू : लॅमिनेशन. आईबापांनी कौतुकाने प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली पदवी दिसली की ते कपाळाला हात लावतात. शिक्का उमटणार कशावर? मग वहिनींचा केस वाळवायचा ड्रायर येतो. दादा श्वास रोखून गरम हवेचा झोत सोडतात आणि नखाने एक कोपरा उचलतात. तेवढा वेळ गिऱ्हाइकाची आई बाहेर देवाचं नाव घेत बसते. ऑपरेशन थिएटरबाहेर असतं तसंच वातावरण.

मी भाचीची पदवी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती उलटी करत विचारलं, "कुठला देश?"

"जर्मनी. अपोस्टिल करून द्या, परदेशात कागद खरा धरतात तो शिक्का."

"बसा," ते म्हणाले. हा शब्द ते वाईट बातमीआधी वापरतात. "अपोस्टिलचा करार हेगचा, ५ ऑक्टोबर १९६१चा. आपल्याकडे लागू झाला २००५च्या जुलैत. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं विचार करून आपण गेलो. आणि गेलो तर जर्मनीने हरकत घेतली. आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही. त्यांची पडताळणी वेगळी."

"मग दुबईला चालेल?"

"दुबई त्या करारातच नाही. तिथे वकिलातीचा शिक्का. सौदी २०२२ला आत आला, कॅनडा २०२४ला." नात्यातली सोयरीक सांगावी तसे ते देश सांगतात. कोणाचं कोणाशी पटतं, कोण कोणाच्या पंगतीला बसत नाही, सगळं पाठ.

पैशांचा विषय निघाला की ते पारदर्शक होतात. "सरकारची अपोस्टिलची फी पन्नास रुपये. बाकीचे माझ्या चपलांचे." ते खरंच आहे. आधी मंत्रालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही. मग परराष्ट्र मंत्रालय, पण तेही २०१२पासून थेट तुमच्या हातून कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फत घेतं. घणसोलीहून वाशी, वाशीहून सीएसएमटी, पुढे बस, आणि खिडकीशी पोचल्यावर कळतं की साहेब आज रजेवर.

रबाळे एमआयडीसीतला एक कारखानदार व्हॉल्व्ह कुवेतला पाठवतो. त्याची बिलं आधी चेंबर ऑफ कॉमर्सकडे जातात, सोबत माल कुठे बनला त्याचा दाखला. तो एकदा वैतागून म्हणाला, "लोखंडाचासुद्धा जन्मदाखला?" दादा म्हणाले, "शेठ, त्याचा निदान वेळेवर नोंदवलाय. तुमचा बघा."

पण दादांची खरी कसोटी गेल्या वर्षी लागली. गावातली एक आजी आली. मुलगा अबूधाबीत, आईला बोलावतोय. मुलाच्या जन्मदाखल्यावर आई लखमीबाय. आधारवर लक्ष्मी, हे सासरी तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव. आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरची द्वारका.

"आजी, कागदावर तुम्ही तिघी जणी आहात."

"मंग रेसन एकटीचाच कसा येतंय रं?"

दादांकडे या प्रश्नाला शिक्का नव्हता. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव छापून आलं, मंत्रालय झालं, दिल्लीचा शिक्का झाला, वकिलात झाली. तीन महिन्यांनी दादांनी जन्मदाखला आजीपुढे अभिमानाने उलटा ठेवला. मागे गोल, चौकोनी, निळे, जांभळे शिक्के, बोट ठेवायला जागा नाही.

आजीने चष्मा पुसून सगळं न्याहाळलं. "या सगल्यांन मना वलखतंय कोन?"

दादा गप्प झाले. मग खरं ते बोलले. "कोनीच नाय, आजी. हा साहेब म्हणतो, त्या साहेबाची सही खरी. तो म्हणतो, त्याच्या आधीच्याची खरी. त्याच्यापलीकडे कोनी बोलत नाय."

"आनि तू कोनाचा रं?"

दादांनी बापाचं नाव सांगितलं. आजी हलली नाही. आजोबांचं सांगितलं, कुठल्या आळीतलं घर ते सांगितलं. तेव्हा कुठे आजीची मान डोलली.

"हां, वलखलं. तुजे आज्यानं दोन पायली तांदूल नेलेलं उसनं. अजून आलं नाय."

पिशवीतून काढलेल्या नोटांतली एक आजीने परत पिशवीत टाकली आणि उरलेल्या टेबलावर ठेवल्या. शिक्केदादांनी त्या मुकाट्याने घेतल्या. उलटूनसुद्धा पाहिल्या नाहीत.