टप कोण उघडतंय?

अहो, ऐकलंत का? डॉक्टरांच्या मिनी गाडीचा टप कोण उघडतंय, ते कळलं! थांबा, अशा या, जास्वंदीच्या अलीकडे. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे, आणि डॉक्टरीणबाईंचे कान काय आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

पाडव्याला गाडी आली तो दिवस आठवतोय ना? सेकंडहँड का असेना, पेढे वाटले होते. कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्यासुद्धा, पेढे दोनच, पण गाडीचं वर्णन पोटभर. बटण दाबलं की टप आपोआप मागे जातो, पंधरा सेकंदांत! चालत्या गाडीतसुद्धा, फक्त स्पीड तीसच्या आत हवा. डॉक्टरांनी सगळ्यांना गेटपाशी उभं करून तीन-तीनदा उघडझाक करून दाखवली. तिसऱ्यांदा उघडला, आणि आंब्यावरच्या कावळ्यानं मागच्या सीटवर आपला अभिप्राय दिला. तेव्हापासून आपल्या लेनमध्ये तरी टप बंदच.

पण बोलायचे काय! "दर रविवारी ओपन ड्राइव्ह, थेट पानशेत. बंद गाडीत काय मजा?" आमच्या ह्यांना तर अगदी न्यूनगंडच आला होता. आमची गाडी म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, तिची मागची काचसुद्धा धड उघडत नाही.

तर काय सांगत होते... हां, दिवाळीतली भिशी. त्यांच्याकडे होती ना? तुम्ही चिवड्यात होतात, मी दारात होते, म्हणून मला दिसलं. त्यांचा तो पुतण्या, इंजिनीअरिंगचा, शिकायला राहिलाय तो, गाडीत बसून काहीतरी चाचपत होता. एकदम ओरडला, "काका, हे मीटर बघितलं का?" मिनीवाल्यांनी म्हणे २००९ च्या मॉडेलपासून एक गंमत केली होती. टप उघडा ठेवून गाडी किती वेळ चालली, ते मोजणारं छोटंसं मीटर. ओपनोमीटर म्हणतात. आता बघा, कोण कुठला तो गोरा इंजिनीअर, पण त्याला नवऱ्यांची किती पारख! काटा फारसा हललेलाच नव्हता हो. मे महिन्यातली वरात आणि ऑगस्टमधलं ते नळ स्टॉपचं प्रकरण धरलं, तर मग रविवार गेले कुठे? डॉक्टर हसले, पण कसं, ओठांनी फक्त. आणि डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पानशेतला माझी करंजी खायला थांबत असतील." त्या करंजीवरनं आधीच त्यांचं वाजलं होतं, ते वेगळं.

खरं सांगू का, डॉक्टरांचीही सगळी चूक नाही. आपल्याला सिनेमानं फसवलंय. 'दिल चाहता है' आला २००१ मध्ये आणि पोरांना वाटायला लागलं, उघडी गाडी म्हणजे ऊन, गॉगल आणि गोवा. प्रत्यक्षात एप्रिलच्या बाराच्या उन्हात टप उघडून बघा! स्टिअरिंगला हात लावता येत नाही, टाळू तापते, एसी आभाळ थंड करत बसतो. माझा भाचा दुबईला आहे, त्याच्या साहेबाकडे आहे तसली गाडी. उन्हाळाभर टप बंद. नोव्हेंबर लागला की उघडतात, तो मार्चपर्यंत. आणि आपल्याकडे तर वर कर्वे रोड! एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा ट्रक, सगळा धूर आपल्या मांडीवर.

आणि प्रायव्हसी? एकदा डॉक्टर सिग्नलला उघड्या गाडीत, फोन स्पीकरवर, आणि पलीकडून डॉक्टरीणबाई पाटल्यांचा विषय काढून बसल्या. डॉक्टर "बघू, बघू" करतायत. तर शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "घेऊन टाका ना साहेब, सोनं काय स्वस्त होणारे का?" डॉक्टरीणबाईंनी फोनवरून त्या रिक्षावाल्याला थँक्यू म्हटलं!

त्या स्वतः मात्र टप उघडू देत नाहीत. पार्लरहून येताना तर नाहीच. मला वाटायचं, वारा समोरून येतो, तर पुढे काच आहेच की. पण नाही हो, पुतण्यानं समजावलं मला. वारा काचेवरून उडतो आणि मागून वळून मानेवर येतो. म्हणून केस मागे जायच्या ऐवजी सगळे तोंडावर! त्यासाठी सीटमागे जाळी लावतात, बाजूच्या काचा वर ठेवतात, मग जरा बरं. मर्सिडीजवाल्यांनी तर २००४ च्या सुमाराला मानेपाशी गरम हवा सोडायची सोय केली, तिला एअरस्कार्फ म्हणतात. हवेचाच स्कार्फ! मी म्हटलं, ते बरं, खऱ्या स्कार्फची भीती वाटते बाई. ती नर्तकी नव्हती का, इझाडोरा डंकन? १९२७ मध्ये, फ्रान्समध्ये, नीसला. उघड्या गाडीत बसली, गळ्यात लांब रेशमी स्कार्फ, तो अडकला चाकात आणि... जाऊ दे. आपल्या पोरी स्कूटरवर ओढण्या सोडून जातात ना, तेव्हा मला दर वेळी तीच आठवते.

तर काय सांगत होते? नळ स्टॉप! तुम्हाला अर्धंच माहीत असेल. डॉक्टरांचा मोठा, तो अमेरिकेहून आलेला, मुलगी बघायला. दोघं बाहेर पडली लॉ कॉलेज रोडनं. श्रावणातलं ऊन पडलं होतं, ह्यानं ऐटीत टप उघडला. निम्म्या वाटेत भुरभुर सुरू. ती म्हणाली, बंद करा. तर हा म्हणतो, "चालत्या गाडीत पाऊस लागत नाही, फिजिक्स आहे." आता हे खोटं नाही बरं. हायवेला चांगल्या वेगात असलं, तर थेंब काचेवरून उडून मागे निघून जातात, आत बसलेला कोरडा. पण हायवेला! लॉ कॉलेज रोडला कसलं आलंय फिजिक्स? नळ स्टॉपला सिग्नल लाल झाला आणि सर धो धो आली. बटण दाबलं, पण पंधरा सेकंद म्हणजे किती असतात ते तेव्हा कळतं. शेजारच्या बसमधले लोक खिडक्यांतून बघतायत, एकानं छत्री पुढे केली म्हणे. मुलीचा चेहरा... मुलीच्या मावशीनंच मला सांगितलं, काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. आणि ओला टप तसाच घडी घालून ठेवायचा नसतो, बुरशीचा वास बसतो, म्हणून मग चार दिवस टप ताणून बंद, खाली पंखा लावलेला. स्थळाचं काय झालं ते मी बोलणार नाही. नकार आला.

वरातीचं तर विचारूच नका. भाचीच्या लग्नाला गाडी दिली ना, नवरदेव मागच्या काठावर बसला, बूट सीटवर! झेंडूच्या पाकळ्या टपाच्या घडीत गेल्या त्या गणपतीपर्यंत निघत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देवाची गाडी झाली, आता विकता येणार नाही. हे मात्र लक्षात ठेवा, पुढे येणारे.

आमच्या वन्सं आहेत ना इंग्लंडला, त्यांच्या शेजारी एक म्हातारे मास्तर राहतात. त्यांच्याकडे ती माझदा, एमएक्स-फाइव्ह, दोन सीटची. १९८९ मध्ये आली ती, २०१६ ला दहा लाखावी बनली, एवढी खपते. ह्या मास्तरांची अगदी सुरुवातीची, मागची काच प्लास्टिकची. टप उघडायच्या आधी त्या काचेची चेन सोडायची, नाहीतर थंडीत प्लास्टिक दुमडून तडकतं. वन्सं म्हणतात, हा माणूस जानेवारीत, दात वाजतायत अशा सकाळी, टप उघडा टाकून निघतो! लोकरीची टोपी, पायात हीटर फुल्ल, आणि तोंडावर असं हसू की बघणाऱ्याला थंडी वाजावी. वन्संनी विचारलं, उन्हाळ्यात का नाही? तर म्हणाले, उन्हाळ्यात सगळेच उघडतात, ट्रॅफिकमध्ये डोकं भाजत उभं राहायचं. कोरडी थंड सकाळ आणि मोकळा रस्ता, त्याचीच खरी मजा. आणि रात्री गाडी रस्त्यावर लावतात ती दारं लॉक न करता! चोर आला तर दार उघडून बघेल आणि जाईल, लॉक असलं तर टपच फाडेल, आणि नवा टप महाग. आपल्याकडे असं केलं तर टप शिल्लक राहील, खालची गाडी जाईल.

अमेरिकेतली गंमत त्याहून वरची. तिथे १९७६ मध्ये कॅडिलॅकनं गाजावाजा केला, ही एल्डोराडो आमची शेवटची टप उघडणारी गाडी. शेवटच्या दोनशे तर सगळ्या पांढऱ्या काढल्या. लोकांनी पुढे भाव येईल म्हणून घेतल्या, आणि झाकून ठेवल्या. टप उघडायचं नाव नाही! आणि १९८४ ला कॅडिलॅकनं पुन्हा तीच गाडी, पुन्हा उघड्या टपाची. काय चेहरे झाले असतील हो! कोर्टात गेले लोक. मी म्हणते, तेवढी वर्षं वारा तरी खाल्ला असतात! हे मी भिशीत बोलत होते तर आपले कर्नल मध्येच म्हणाले, "केनेडींचं काय?" तेही खरंच. १९६३, डॅलस. सकाळी पाऊस होता, तो थांबला, म्हणून गाडीवरचं ते पारदर्शक छत काढून ठेवलं. ते काही बुलेटप्रूफ नव्हतंच म्हणा. पण माणसाच्या मनात येतंच ना. कर्नलांना वेळकाळ नाही, भिशीच्या बायका एकदम गप्प झाल्या.

बघा, कुठच्या कुठे गेले. तर मुद्द्याचं. दिवाळीनंतर डॉक्टरीणबाई रोज त्या काट्याकडे बघायला लागल्या. डॉक्टर गाडी काढतच नव्हते, अपमानच झाला होता ना. आणि काटा मात्र सरकायला लागला! डिसेंबरात तर भराभर. झालं, संशय पुतण्यावर. कुणीतरी मुलगी असणार. पेपरवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "पहाटे साडेपाचला जाते की गाडी, उघडी. दोघं असतात." दोघं! डॉक्टरीणबाईंनी परवा पहाटे दिवा न लावता खिडकीत ठाण मांडलं.

आणि कोण असावं? आजी! अहो, त्यांच्या सासूबाई! कानटोपी, वर शाल, शालीवर रग, काचा वर, हीटर पायावर. एनडीए रोडनं चक्कर मारून यायच्या म्हणे रोज, येताना दूधही घेऊन. डॉक्टरीणबाई खाली गेल्या, "आई, हे काय?" तर आजी काय म्हणाल्या माहीत आहे? "मला बंद गाडीत मळमळतं. तुम्ही चाळीस वर्षं मला आवळासुपारी चघळायला लावून लग्नांना नेलंत. उघड्या गाडीत एकदासुद्धा मळमळलं नाही." पुतण्या खाली मान घालून हसत होता. डॉक्टर पायजम्यावर जिन्यात उभे, आईकडे बघायचं की काट्याकडे, ते कळेना त्यांना.

आता ऐका. डॉक्टरांनी ठरवलंय, गाडी विकायची. रविवारी गिऱ्हाईकसुद्धा आलं. डॉक्टरीणबाईंना मे महिन्यात देवाची गाडी वाटत होती, आता चहा-पोहे केले त्यांनी गिऱ्हाइकाला. पण किल्लीच सापडेना! सगळं घर पालथं घातलं. आजी आपल्या जपमाळ घेऊन बसलेल्या, आणि बटवा मांडीखाली.

काल दुपारी माझ्याकडे आल्या होत्या, आजी. इकडचं तिकडचं बोलल्या, आणि हळूच विचारतात, सीनियर सिटिझननं एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात? मी म्हटलं, आमच्या ह्यांना विचारून सांगते. विचारलंय. तुम्ही डॉक्टरीणबाईंपाशी बोलू नका हं एवढ्यात. कोपऱ्यावरच्या वहिनींना सांगितलंय मी, पण त्या काही कुणाला सांगायच्या नाहीत.