तांब्याचा आवाज

रविवारी सकाळी सहाला पाण्याचा पंप सुरू होतो आणि पाठोपाठ माझ्या खिडकीखाली ‘टुंईऽऽ’ होतं. पंप बंद करायला बटण आहे. अण्णांना नाही.

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आत आमची सोसायटी. अण्णा बी विंगमध्ये राहतात. ते रिटायर झाल्यावर दुबईच्या जावयाने ‘वेळ जायला काहीतरी हवं’ म्हणून मेटल डिटेक्टर आणून दिला. जावई विमानात बसून परत गेला; वेळ आमचा जातो. गुडघ्याला पट्टा, भाईंदरच्या उकाड्यातही माकडटोपी, टोपीवर हेडफोन, कमरेला कुंड्यांचं खुरपं आणि खिशात कापूस घातलेली कुंकवाची डबी. नाणं सापडलंच तर झोपायची सोय.

“गप्प! ऐका. हा तांब्याचा आवाज आहे.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही पुढचं सांगू शकतो. पुढे सोड्याच्या बाटलीचं झाकण निघतं, चॉकलेटची चांदी निघते, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी निघते. एकदा मात्र आवाज खरंच तांब्याचा होता. अण्णांनी हातभर खणून हिरवट पट्टी ओढायला घेतली, तर ती बिल्डिंगची अर्थिंग निघाली. त्यावर कमिटीची तातडीची सभा झाली. सेक्रेटरी बोलत असताना अण्णा शांतपणे एवढंच म्हणाले, “पण तांबं होतं की नाही?”

यंत्राचं शास्त्र ते वॉचमनला रोज नव्याने समजावतात. तबकडीतल्या प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याने जमिनीतल्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते भोवरे यंत्राला ऐकू येतात. नाण्याएवढी वस्तू फार तर वीतभर खोल कळते. वॉचमन मान डोलावतो आणि विचारतो, “अण्णा, कुछ मिला?” मिळणार कसं? भिंतीजवळ गेलं की पायातल्या सळया कोकलतात. भिंतीपासून लांब जावं तर माती खारट. भाईंदर मिठागरांचं गाव. ओल्या मिठातून वीज वाहते, त्यामुळे पावसाळ्यात खाली काही नसतानाही यंत्र बोंबलत सुटतं. अशा वेळी अण्णा यंत्राला दरडावतात, “खोटं बोलू नकोस.”

त्यांना हवी आहे शिवराई. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळची, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. तिचा फोटो त्यांनी देवघरात गणपतीशेजारी लावलाय. इथेच का सापडावी, असं विचारलं की ते खाडीकडे हात करतात. “१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पलीकडची वसई घेतली. एवढी फौज या भागात वावरली. एकाचाही पैशांचा कसा फाटला नसेल?” याला काय उत्तर देणार!

घोडबंदरच्या किल्ल्यावर मात्र ते यंत्र नेत नाहीत. तिथे ते हात मागे बांधून फिरतात. “पुरातन वास्तू आहे. खुरपं लावलं तर गुन्हा.” अण्णा कायद्याला फार मानतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा त्यांना तोंडपाठ आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांवरचं काहीही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. अर्ज लिहून तयार आहे, फक्त वस्तूचं नाव आणि तारीख भरायची राहिली आहे.

दरम्यान सोसायटीला भलत्याच गोष्टी मिळतात. सी विंगमधल्या पोरीचं पैंजण, तळमजल्यावरच्या डॉक्टरांची स्कूटरची किल्ली. हरवलं की लोक आता पहिल्यांदा अण्णांची बेल वाजवतात. अण्णा वस्तू शोधून देतात, पण तोंड पाडून. “लोखंड,” किल्ली देताना ते असं म्हणाले की डॉक्टर ओशाळले.

आणि गेल्या माघात माझ्या तगरीच्या मुळाशी पुन्हा तांब्याचा आवाज आला. या खेपेला हातात आला भोकाचा पैसा. १९४३ ते ४७ मध्ये, युद्धात धातू वाचवायला सरकारने मध्ये भोक पाडून काढलेला. करगोट्यात ओवायचे, वायसर म्हणूनही लावायचे. अण्णा तो डबीत ठेवून अंघोळीला गेले. काकूंनी तेवढ्यात डबी उघडली, हिरवा कळकट पैसा बघितला आणि देवाच्या भांड्यांबरोबर चिंच लावून लख्ख घासला. संग्राहक त्या हिरव्या थराला जपतात, हे काकूंना कोण सांगणार? अण्णा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, “बरं झालं, मीठ कमी आहे हेही बोलले नाहीत.”

त्यांचं मन वळवायला म्हणून मी गेलो आणि नको ते बोललो. म्हटलं, “अण्णा, ही माती मुळात भाईंदरची नाहीच. खाचरं बुजवायला ट्रक भरभरून भरणी आणली होती. मुंबईतल्या पाडलेल्या घरांचा राडारोडा.”

“कुठल्या घरांचा?”

“कुणाला ठाऊक! गिरगाव, लालबाग... पाडलेल्या चाळी.”

अण्णा उठून बसले. त्यांचा जन्म लालबागच्या चाळीतला. दुसरीत असताना रॉकेल आणायला दिलेला भोकाचा पैसा त्यांच्या हातून जिन्याखालच्या फटीत गेला होता आणि आईने उलथन्याने मारलं होतं. ही गोष्ट मी सत्तर वर्षांनी पहिल्यांदा ऐकणारा माणूस. त्यांनी डबी उघडली, चष्मा कपाळावर चढवला आणि चकचकीत पैसा खिडकीशी धरून साल वाचलं. बराच वेळ वाचलं.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले. “हा नव्हे. माझा पंचेचाळीसचा होता.”

आणि खुरपं घेऊन ते माझ्या तगरीकडे निघाले.