मातृभोजनातला गायब लाडू

अगं, कढीपत्ता हवा तर तोड की, विचारतेस काय! आणि तोडता तोडता ऐक. काल नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ बघायला आमच्याकडे सोळा माणसं. तुझ्या सासूबाई आल्या होत्या, तूच नव्हतीस.

तर मातृभोजन आलं. सूनबाई लाडू उचलतेय, उचलतेय, आणि एकदम लाडू गायब, बटूचा गाल फुगलेला! मधलं काहीच नाही. गुरुजी तर घटकेत पुतळा, घटकेत होमापाशी.

काय म्हणालीस, नेट? सासूबाईही हेच म्हणाल्या. अगं, पेनड्राइव्हवरून लॅपटॉपात उतरवलेली फाइल, तिथे नेटचा काय संबंध! नेट अडलं तर चकरी फिरते, आवाजही थांबतो. इथे मंत्र खणखणीत, चित्र तेवढं उड्या मारतंय. दिरांच्या धाकटीने तिथेच ओळखलं. प्लेअर म्हणे आवाजाला धरून चालतो. चित्राला उशीर झाला की ते टाकून पुढे जातो. पंगत उठल्यावर आलेल्याचं पान मांडत नाहीत, तसं. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबून तिने आकडेच दाखवले. हरवलेल्या फ्रेमा भराभर वाढत होत्या, लाडू खाऊन होईतो चारशे!

दोष जावईबापूंच्या हौसेचा. नवा फोन, म्हणून फोर-के, सेकंदाला ६० फ्रेमा. एकेका फ्रेमेत जवळजवळ ८३ लाख ठिपके, आणि ती उलगडायला १७ मिलिसेकंदही नाहीत. वर गाठोडं बांधलंय एचईव्हीसीत. ते मानक २०१३ चं, आमचा लॅपटॉप २०१४ चा. ती गाठ सोडायची वेगळी सोय त्याच्या चिपेत नाहीच, सगळा भार प्रोसेसरवर. आणि मी त्याला ठेवलं होतं कुठे? गादीवर! हवेची जाळी बंद. फार तापला की तो आपणच वेग कमी करतो म्हणे. मीही जूनमध्ये तेच करते.

दुरुस्तीवाला तर मागेच म्हणाला होता, नवा घ्या. उघडूनसुद्धा न बघता! नाव घेत नाही, तुमचाही तोच आहे.

आधी लॅपटॉप पाटावर ठेवला, ब्रशने जाळीतली धूळ काढली. फरक पडला, पण चिमूटभर. मग तिने हँडब्रेक नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं आणि पाऊण तासाची फाइल १०८०पी, ३० फ्रेमा, एच.२६४ अशी करायला लावून दिली. रात्रभर त्याचा पंखा घूंऽऽ करत होता, यांना डोळ्याला डोळा नाही. मूळ फाइल ठेवलीय हं तशीच, कधी नवा लॅपटॉप आलाच तर.

सकाळी चहाच्या आधी लावून बघितला. लाडू हातातून सरळ तोंडात, हरवलेल्या फ्रेमा शून्य.

संध्याकाळी सहाला पुन्हा लावणार आहे, ये. आणि सासूबाईंना सांग, नेट नव्हतं.