वर टाकलंय, बघा

रोज सकाळी सातच्या आत आमच्या ग्रुपवर एक ओळ येते. ‘आयर्विन 14 फूट 2 इंच, सकाळी 6.40.’ आधी नमस्कार नाही, शेवटी नाव नाही. टाकणारे काका सरकारी घाटाकडे फिरायला जातात, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या खांबावरची मोजपट्टी बघतात, आकडा टाकतात आणि घरी जाऊन चहा घेतात. त्या ओळीखाली पाच मिनिटांत गुलाब येतो. मग उगवता सूर्य येतो, मग वाफाळत्या कपावर लिहिलेलं ‘शुभ सकाळ’. सव्वासातला कुणीतरी विचारतं, ‘‘आज पाणी किती हो?’’

काका लिहितात, ‘‘वर टाकलंय, बघा.’’

माझी तक्रार या सव्वासातच्या प्रश्नाबद्दल आहे. हिवाळा सोडला तर तो रोज येतो. विचारणारा वेगळा असतो, प्रश्न तोच. अंगठा दोनदा वर सरकवला तर उत्तर दिसतं, पण तेवढंही होत नाही. काका मात्र कधी वैतागत नाहीत. पावसाळ्यात हाच प्रश्न दिवसाला तीस-चाळीस वेळा येतो, तरी ते तेवढ्याच शांतपणे उत्तर देतात. पुढेपुढे तर आकडाच परत लिहून देतात, कारण विचारणारी म्हातारी बाई कर्नाळ रोडला एकटी राहते हे त्यांना माहीत असतं.

हा काही गप्पांचा ग्रुप नाही. यात सांगली-मिरजेची माणसं आहेत, भिलवडीची आहेत, वर कराडची आणि पाटणची आहेत. जिल्हे दोन, पण नदी एक, म्हणून ग्रुपही एक. महाबळेश्वरला, नवजाला आणि कोयनानगरला पाऊस किती पडला, कोयना धरणाचा साठा किती झाला, पायथ्याच्या वीजगृहातून 1050 क्युसेक्स चाललंय की 2100, सहा वक्र दरवाजे किती फुटांवर आहेत, हे साताऱ्याकडच्यांनी सांगायचं. कराडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी असं पाणी खाली येत जातं आणि सांगलीला आयर्विनखाली आम्ही ते बघतो. कोयना धरण 105 टीएमसीचं. दिवसभर 11,574 क्युसेक्सनं पाणी सोडलं की एक टीएमसी खाली येतं, हे गणित मला काकांनी शिकवलं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेला जोर असला की आमचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा आकडाही लागतो. वरून सोडलेलं पाणी तासाभरात सांगलीत येत नाही. मध्ये वेळ मिळतो, आणि आमच्यासारख्यांचा संसार त्या वेळेवर वाचतो. तो वेळ आम्हाला पाटणच्या आणि कराडच्या माणसांनी दिलेला असतो. 

माझं माहेर कराडचं, सासर सांगलीच्या गावभागातलं. मारुती चौकाजवळ आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनची पातळी 57 फुटांच्या वर गेली. इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45, हे सांगलीत लहान पोरालाही पाठ असतं. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात तीच खूण होती. सासऱ्यांनी भिंतीवर 2005 ची रेघ मारून ठेवली होती. आम्ही माल त्या रेघेच्या वर रचला आणि निश्चिंत राहिलो. पाणी रेघेवरून गेलं.

पाणी ओसरल्यावर शटर उघडेना. आत वह्यांचे गठ्ठे पाणी पिऊन फुगले होते आणि एकमेकांना दाबून बसले होते. लोखंडी रॅक बाहेरच्या बाजूला वाकले होते. दोनशे पानी वही हातात घेतली तर विटेएवढी जड लागत होती. पानांच्या निळ्या रेघा विरघळून सगळा कागद फिकट निळा झाला होता. तो माल आम्ही फावड्यानं काढला.

2021 साली तसं झालं नाही. 22 जुलैला संध्याकाळी पाटणकडच्या एका मुलाचा निरोप आला. तो दुधाच्या गाडीवर असतो, दोन्ही वेळा रस्त्यावर असतो. त्यानं लिहिलं होतं, ‘नवजाला थांबतच नाही. ओढे रस्त्यावर आलेत. खाली सांगा.’ त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला, हे आम्हाला नंतर कळलं. सांगलीत तेव्हा नदी पात्रात होती आणि रस्ते कोरडे होते. शेजारचे म्हणाले, एवढ्यात कशाला उचलता? आम्ही रात्रभर माल माडीवर चढवला. तीन दिवसांत पाणी 54 फुटांच्या वर गेलं. दुकानात पाणी शिरलं, पण त्यात भिजायला रिकामे रॅकच होते. त्या पोराच्या तालुक्यात त्याच रात्री आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसं गेली. स्वतःवर तशी वेळ असताना त्यानं खालच्यांचा विचार केला. त्याच्या त्या निरोपाखाली मी मागे जाऊन बघितलं. चार अंगठे होते. त्याच संध्याकाळी ग्रुपवर एका वाढदिवसाला साठ शुभेच्छा आल्या होत्या. शुभेच्छांना माझी हरकत नाही. पण तो निरोप साठ केकांच्या खाली गेला आणि किती जणांनी वाचलाच नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

दुसरी तक्रार वेळ कापण्याबद्दल आहे. काका आकड्यापुढे नेहमी वेळ लिहितात. लोक त्याचा फोटो काढतात, कडा कापतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. तिथून तो तिसरीकडे जातो. सहा तासांनी तो फिरत फिरत परत आमच्याकडेच येतो, ‘आयर्विन 48 फूट’ म्हणून. तेव्हा खरी पातळी 50 झालेली असते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथे दोन फुटांचा फरक म्हणजे उंबरा आणि खिडकी एवढा फरक. 2019 चे व्हिडिओ तर दर जुलैला ‘आत्ताचं दृश्य’ म्हणून येतात. ते बघून एक आजोबा औषधं न घेता घराबाहेर पडले होते. 2018 मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवायची मर्यादा घातली. पाच ठिकाणं जुन्या आकड्याला पुष्कळ होतात.

ही घाण निस्तरायला मिरजेची एक मुलगी असते. 2019 मध्ये ती नर्सिंग शिकत होती, आता नोकरी करते. त्या महापुरात मदतीच्या निरोपांची तिनं यादी ठेवली. कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर, किती माणसं, कुणाला डायलिसिस आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे. बोट जाऊन आली की त्या निरोपाला उत्तर देऊन ती एक शब्द लिहायची, ‘झालंय.’ पुढे कंसात, ‘पुढे पाठवू नका.’ तरी लोक पाठवत राहायचे. सुटून आलेल्या माणसांसाठी परत बोट मागितली जायची आणि न सुटलेली माणसं वाट बघत राहायची. ती रात्री दोन वाजता पुन्हा लिहायची, ‘झालंय.’ त्या आठवड्यात 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्यानंतर कुठली बोट कुठे आणि का चालली आहे, हे नीट माहीत असणं किती मोठी गोष्ट आहे, ते सगळ्यांना कळलं. या मुलीचे त्या दिवसांतले सगळे निरोप एकत्र केले तर अर्ध्याहून जास्त एकाच शब्दाचे भरतील. मला त्या शब्दाइतकं कामाचं काही त्या महापुरात वाचल्याचं आठवत नाही.

तिसरी तक्रार मी सगळ्यात जास्त दिवस मनात ठेवली आहे.

एका जानेवारीत ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘‘काका, आता पूर नाही तर रोज आकडा कशाला टाकता? मोबाईल भरतो.’’ त्याला दोघांनी अंगठा दिला. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मधोमध करड्या अक्षरात एक ओळ दिसली, त्यांचा नंबर आणि पुढे ‘लेफ्ट’. त्या ओळीवर कुणी काही लिहिलं नाही. अकरा दिवस ग्रुपवर गुलाब आले, सूर्य आले, जागा भाड्याने आहे म्हणून जाहिरात आली. सव्वासातचा प्रश्नही आला नाही, कारण हिवाळ्यात तो कुणाला पडतच नाही. बाराव्या दिवशी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि मग कळलं की सकाळची ओळ येत नाही.

मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काका आत पेपर वाचत होते. मी विषय काढला तर म्हणाले, ‘‘अहो वहिनी, रागानं नाही गेलो. आकडा कुणाला लागतोय की नाही, हेच कळत नव्हतं.’’

मग त्यांनी वही काढली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची वही असते तशी. अशा सात. पहिली 2005 च्या महापुरानंतरची. तारीख, वेळ, फूट, इंच आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द : ‘गढूळ’, ‘स्थिर’, ‘वारणा जोरात’, ‘पंप बंद’. आठ महिने पाणी शांत असताना घेतलेल्या नोंदींनी पानंच्या पानं भरली होती. मी विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, नदी नेहमी कशी असते ते माहीत नसेल तर ती कधी बिघडली ते कळायचं कसं? एका तासाला दोन इंच चढली तर काय करायचं आणि सहा इंच चढली तर काय, हे त्यांनी अशा शांत दिवसांच्या आकड्यांवरून ठरवलं होतं. ग्रुपवर पावसाळ्यात ते जेव्हा ‘दत्तनगरवाल्यांनी आवरायला घ्या’ असं लिहितात, त्या एका ओळीमागे या सात वह्या असतात. आम्ही त्यांना ‘मोबाईल भरतो’ म्हणालो.

काम करणाऱ्याचं नाव जपणाऱ्याही जागा असतात. वाईला मराठी विश्वकोश तयार झाला. त्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली. त्यात नोंद संपली की खाली लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. 1 मे 2003 ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक पानाला ‘इतिहास’ आहे. कुणी एक वेलांटी दुरुस्त केली तरी ती कुणी आणि कधी केली हे तिथे राहतं. आमच्या ग्रुपवर तशी सोय नाही. निरोप पुढे गेला की त्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का बसतो आणि माणूस पुसला जातो. पुसला जाणारा माणूस मोठेपणा मागत नाही, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे मोठेपणा दिला नाही तरी चालतो, हे मला मान्य नाही. लग्नात वाढपी न सांगता राबतो, म्हणून त्याला जेवलास का विचारायचं नाही असं आपल्याकडे होत नाही. पंगत उठली की यजमान त्याच्यासाठी पान मांडतो.

काका परत आले. मी ग्रुपवर झालेलं सगळं लिहिलं, वह्यांसकट. ज्यानं मोबाईल भरतो म्हटलं होतं त्यानंच पहिली माफी मागितली आणि त्यानंच काकांना परत ग्रुपमध्ये घेतलं. तो माणूस वाईट नाही. यातलं कुणीच वाईट नाही, म्हणून तर ही तक्रार अशी सगळ्यांसमोर करता येते. पाटणच्या त्या मुलाला मी गेल्या वर्षी माहेरी गेले तेव्हा भेटले. दूध घालून परत चालला होता. त्याला म्हटलं, तुझ्यामुळे आमचं दुकान वाचलं. त्याला तो निरोप आठवतच नव्हता. त्यानं फोन काढून शोधला, वाचला आणि म्हणाला, ‘‘तुम्ही वाचला होता व्हय ताई?’’ मिरजेच्या मुलीला अजून कुणी काही म्हटल्याचं मला माहीत नाही. हे लिहिताना मी तिला आधी फोन केला.

नवा पावसाळा तोंडावर आला आहे. कोयनेचे आकडे पुन्हा यायला लागतील. तुमचाही असा एखादा ग्रुप असेल, वारणाकाठचा, उरमोडीकाठचा, पंचगंगेकाठचा. विचारण्याआधी थोडं वर जाऊन बघा. आकडा पुढे पाठवताना वेळ कापू नका आणि कुणी मोजला त्याचं नाव राहू द्या. काम झालं असेल तर ‘झालंय’ लिहा. आणि सकाळी सातला ती ओळ आली की तिच्याखाली गुलाब टाकण्याऐवजी एवढंच लिहा : ‘काका, बघितलं.’