क्लास हरवल्यास करावयाची कार्यवाही

रात्री साडेअकराला स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात आणि तोंडातून निघून जातं, "क्लास सापडत नाहीये!" स्वयंपाकघरातून आई विचारते, "आता कुठला क्लास लावलास?" या प्रसंगी समजावण्याच्या फंदात पडू नये. जावामध्ये क्लास म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, तो वेगळ्या फाइलीत असतो आणि टॉमकॅट नावाच्या सर्व्हरला तो ऐनवेळी मिळाला नाही, एवढं सांगून होईपर्यंत ती ओटा पुसून झोपायला निघते. जाता जाता म्हणते, "नीट बघ. ठेवलास तिथेच असेल."

घोळ नेमका तोच आहे. क्लास तुम्ही ठेवलात तिथेच असतो. टॉमकॅट मात्र त्याला जिथे बघायला शिकवलंय तिथेच बघतो.

पण इतक्या लवकर मुद्द्यावर येणं नवशिक्याला शोभत नाही. आधी रूढ उपचार यथासांग व्हावेत. सर्व्हर बंद करून चालू करावा. एक्लिप्समध्ये प्रोजेक्ट 'क्लीन' करावा. मग लॅपटॉप रीस्टार्ट, आणि शेवटी टॉमकॅट समूळ काढून पुन्हा टाकावा. यातलं क्लीन कधीकधी खरंच लागू पडतं, त्यामुळेच उरलेल्या तिन्हींवरची श्रद्धा टिकून आहे.

तासाभराने, इलाज उरला नाही की एरर वाचावी. पहिली ओळ वाचून घाबरण्याची आणि मधल्या चाळीस ओळी सोडून देण्याची पद्धत आहे; ती मोडून, 'कॉज्ड बाय'ने सुरू होणारी शेवटची ओळ गाठावी. दुखणं बहुधा तिथे असतं. तिथे 'क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन' असेल, तर त्या नावाचा क्लास कोणीतरी चालू प्रोग्रॅममध्ये मागितला आणि त्या पत्त्यावर तसं कोणी राहत नाही असं कळलं. 'नो क्लास डेफ फाउंड एरर' असेल, तर कंपाइल करताना क्लास हजर होता, चालवताना गायब झाला: पत्रिकेत नाव आहे, मांडवात माणूस नाही. या दुसऱ्या एररमध्ये क्लासच्या नावात टिंबांऐवजी बहुधा तिरप्या रेघा दिसतात. ती टायपिंगची चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नये. मी गेलो होतो.

आता पत्ता. वेब-ॲपमध्ये 'वेब-इन्फ' नावाचा फोल्डर असतो, सगळी अक्षरं कॅपिटल. त्यात 'क्लासेस' आणि 'लिब' असे दोन फोल्डर. आपण लिहिलेले क्लास पहिल्यात, बाहेरून आणलेल्या जार फाइली दुसऱ्यात. आपल्या ॲपचं सामान टॉमकॅट या दोन खोल्यांतच शोधतो. डेस्कटॉपवर किंवा 'न्यू फोल्डर (2)'मध्ये तो डोकावत नाही. 'लिब'चं 'लिब्स' केलंत तर तिथेही नाही.

माझ्या आयुष्यातला एक अख्खा रविवार याच खोल्यांपायी गेला. मायएसक्यूएलला जोडणारी जार मी एक्लिप्सच्या बिल्ड पाथला लावली होती. साधा मेन मेथड लिहून चाचणी घेतली. जोडणी झाली, टेबलातली नावं धडाधड छापली गेली. तोच कोड सर्व्हलेटमध्ये टाकला, तर ड्रायव्हरचा क्लास बेपत्ता. मी ड्रायव्हरच्या नावातलं एकेक अक्षर तपासलं, 'सीजे' आहे की नाही ते पाहिलं, जार तीनदा नव्याने उतरवली. बिल्ड पाथ ही माझी आणि एक्लिप्सची आपसातली समजूत होती. टॉमकॅटला त्याचं निमंत्रण गेलंच नव्हतं. जार उचलून 'लिब'मध्ये टाकायला दहा सेकंद लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, वर वळशाचे आठ तास.

तेव्हा खात्रीचा मार्ग असा: आपल्या प्रोजेक्टकडे बघू नये, सर्व्हरवर जे गेलंय ते बघावं. वॉर फाइल मुळात झिपच असते. उघडून आत क्लास आहे का, ते डोळ्यांनी पाहावं. मेव्हन वापरणाऱ्यांनी 'प्रोव्हायडेड' हा शब्द कुठे लिहिलाय तेही पाहावं. त्याचा अर्थ, 'डबा आणत नाही, जेवण तिथेच आहे.' सर्व्हलेटच्या जारला हे चालतं, टॉमकॅटकडे ती असते. ड्रायव्हरच्या जारला लिहिलंत तर उपाशी राहाल.

सगळं जागेवर असून 'जावाएक्स.सर्व्हलेट'ने सुरू होणारा क्लास सापडत नसेल, तर दोष तुमचा नाही, इतिहासाचा आहे. ओरॅकलने 2017मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण जावा हे नाव स्वतःकडेच ठेवलं. मग नवं नाव आलं जकार्ता, आणि 2020च्या जकार्ता ईई 9पासून पॅकेजांची नावंही बदलली. टॉमकॅट 9ला 'जावाएक्स' कळतं, टॉमकॅट 10ला फक्त 'जकार्ता'. व्हीटीचं 1996मध्ये सीएसटी झालं, 2017मध्ये सीएसएमटी. तरी टॅक्सीवाल्याला नुसतं "व्हीटी" म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. टॉमकॅट 10 मीटरच टाकत नाही. जुन्या पुस्तकातून शिकत असाल तर मुकाट्याने 9 घ्या, नाहीतर सगळे इम्पोर्ट बदला. अर्धे बदलू नका.

उरलं स्पेलिंग. 'वेब डॉट एक्सएमएल'मध्ये सर्व्हलेटच्या क्लासचं नाव पॅकेजसकट लिहावं, लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. हे सगळ्यात शेवटी तपासण्याची प्रथा आहे. ती का पडली, कोण जाणे.

एवढं केल्यावर क्लास सापडतो. लाल अक्षरं जातात आणि नवी लाल अक्षरं येतात: डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा आहे. हे ड्रायव्हर सापडल्याचंच लक्षण. आईला उठवून सांगू नये.