कट्ट्याचा सातबारा

गेल्या हिवाळ्यात आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटातल्या एका काकांचा फोन हिप्परगा तलावात पडला. फोनचं दुःख चार दिवसांत सरलं. त्याच्यासोबत नऊ वर्षांच्या नोंदी गेल्या, ते अजून टोचतंय. पट्टकादंब कुठल्या आठवड्यात उतरले, होटगीच्या तलावावर रोहित किती दिवस थांबले, नान्नजच्या माळावर धाविकाची पिल्लं कधी दिसली. बाकीच्यांकडे असेल म्हणून विचारलं, तर कुणी जागा भरली म्हणून चॅट पुसलेलं, कुणी फोन बदललेला, आणि नंतर आलेल्या मुलांना जुनं काही दिसलेलंच नाही. वह्या बंद करून आम्ही सगळं व्हॉट्सॲपच्या गटात टाकत गेलो आणि त्यालाच दप्तर म्हणत गेलो.

तेव्हापासून मी गटाच्या मागे लागलोय. हा कट्टा हलवू या, मॅट्रिक्सवर जाऊ या. उत्तर एकच येतं, ‘अजून एक ॲप?’

ॲप बदलण्याचा खेळ जानेवारी २०२१ मध्ये खेळून झालाय. व्हॉट्सॲपने नवं गोपनीयता धोरण पुढे केलं, ८ फेब्रुवारीची मुदत दिली. घराघरात ‘सिग्नलवर या’ सुरू झालं. १५ जानेवारीला सिग्नलचे सर्व्हर गर्दीने बसले, व्हॉट्सॲपने मुदत १५ मेपर्यंत लांबवली, आणि ऊन तापायच्या आत बहुतेक सगळे परत. त्या धोरणाबद्दल स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये, जवळपास चार वर्षांनी. सिग्नल ना-नफा संस्था चालवते, चांगलं चालवते. पण सर्व्हर तिचेच. आपण घरमालक बदलला, भाडेकरू तेच राहिलो.

मॅट्रिक्स ही २०१४ पासून घडत आलेली खुली नियमावली आहे: वेगवेगळ्या मालकांच्या सर्व्हरनी एकमेकांशी कसं बोलायचं, याची. जीमेलवरून रेडिफमेलला पत्र जातं तसं. ज्याला जमेल त्याने आपला सर्व्हर उभा करावा, ज्याला आवडेल ते ॲप वापरावं. मोझिलाने २०२० मध्ये आपला स्वयंसेवकांचा सगळा गोतावळा इथेच हलवला. फ्रान्सचं सरकार आणि जर्मनीचं सैन्यही आपापलं संभाषण यावरच चालवतं.

सोलापूरकराला हे समजायला इंग्रजी पुस्तक लागत नाही, कुंभारीची बस पुरते. इथल्या विडी कामगार बायकांची तिथे १०,००० घरं आहेत, गोदूताई परुळेकरांच्या नावाने. पुढे असंघटित कामगारांचं रे नगर आलं, ३०,००० घरांचं. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये मिळाल्या. ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती त्यांनी सोसायटी काढली, आणि सोसायट्यांचं फेडरेशन केलं. मॅट्रिक्सवाले आपल्या रचनेला नेमका हाच शब्द वापरतात, फेडरेशन. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक सोसायटी: आपला हिशेब, आपले पोटनियम, आपला दरवाजा. पलीकडच्या सोसायटीतल्या माणसाशी बोलायला आपलं घर सोडावं लागत नाही. संभाषणाची प्रत त्यात सामील असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर राहते. काकांचा फोन तळ्यात जाईल, नोंद जाणार नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्या गटात कॉलेजच्या मुली टिकत नाहीत. गटात शिरलं की फोन नंबर दीडशे जणांपुढे उघडा पडतो, आणि रात्री अकराला कुणाचं तरी ‘हाय’ येतं. महिन्याभरात मुलगी गटातून बाहेर, आणि तिच्यासोबत एक उत्तम डोळा बाहेर. मॅट्रिक्सवर नाव दिसतं, नंबर कुणाला द्यावाच लागत नाही. यावर गटातल्या एकाही पुरुषाने अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. लिहा.

काहींनी विचारलं, हे बंदी घातलेलं ना? मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा ॲप बंद केल्याचं समोर आलं, त्यात मॅट्रिक्सचं सर्वांत परिचित ॲप एलिमेंट होतं. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. पण बंदी एका ॲपवर घातली गेली, नियमावलीवर नाही. फ्लफीचॅटसारखी दुसरी ॲप तीच भाषा बोलतात.

एक चूक मात्र आपण करायची नाही: सगळ्यांनी उठून सर्वांत मोठ्या सर्व्हरवर गर्दी करायची. २ सप्टेंबर २०२५ ला मॅट्रिक्सच्या मूळ संस्थेचाच सर्व्हर कोसळला. त्यावर खाती असलेले गप्प झाले, इतर सर्व्हरवरचे आपसात बोलत राहिले. म्हणून आपला छोटा सर्व्हर हवा. दीडशे माणसांपुरता सर्व्हर भाड्याने घ्यायला महिन्याला हजारेक रुपये पुरतात. माणशी सात रुपये. हुरडा पार्टीची वर्गणी याहून कितीतरी जास्त असते आणि ती कुणी बुडवत नाही.

पैशापेक्षा माणूस अवघड. रात्री सर्व्हर अडला तर उठणार कोण? वालचंदच्या किंवा ऑर्किडच्या संगणक शाखेतल्या दोन मुलांना हे काम शिकवा, त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका. आणि किल्ल्या एकाच माणसाकडे ठेवू नका. सभासद झोपले की चेअरमनच संस्था होतो, हे या जिल्ह्याने कारखान्यांत आणि बँकांत भोगलंय. सर्व्हर ज्याच्या नावावर, तो उद्या रुसला तर? दोघांच्या हाती किल्ल्या, वर्षाला एक सभा, खर्चाचा कागद सगळ्यांपुढे. ‘प्रव’ नावाच्या भारतीय प्रकल्पाने असंच मनावर घेतलंय. ते मॅट्रिक्सच्या जागी एक्सएमपीपी ही जुनी नियमावली वापरतात, पण सेवा वापरणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीची असावी, ही त्यांची मूळ कल्पना. अशी संस्था बहुराज्यीय असली तर कायद्याने प्रत्येक राज्यातून किमान पन्नास व्यक्ती लागतात. सोलापूर जिल्ह्यात पन्नास सभासद मिळत नाहीत, असं मला कुणी सांगू नये.

जुना गट उद्या बंद करू नका. गप्पा, वाढदिवस, सुप्रभात तिथेच राहू दे. नोंदी फक्त नव्या ठिकाणी टाका. ज्याला नोंद हवी तो येईल. माळढोक दिसलाच, घरटं सापडलं, तर ते मोठ्या गटात नाहीच, पाचसहा विश्वासू जणांच्या कुलूपबंद खोलीत. तिथूनही बातमी फुटू शकते. स्क्रीनशॉट कुठल्याही नियमावलीला अडवता येत नाही, आणि एकदा दुसऱ्या सर्व्हरवर गेलेला मजकूर पुसला जाईलच याची खात्री नाही. तेवढं भान ठेवून लिहायचं.

परवा काका घरी आले. खातं उघडायला वीस मिनिटं लागली. नवा फोन आला की जुने कुलूपबंद संदेश उघडायला जी रिकव्हरी की लागते, तिची लांबलचक अक्षरं मी वाचत गेलो, ते नव्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवत गेले. पेन्सिलीने, पाण्यात भिजलं तरी पुसलं जाऊ नये म्हणून. मग वही उलटी करून पहिलं पान माझ्यापुढे धरलं. वर ‘हिप्परगा’ लिहिलेलं, आणि खाली नऊ वर्षांतलं त्यांना आठवलं तेवढं. अडीच पानं.