अगत्ती फाटा

समुद्रापासून दोन-तीनशे किलोमीटर आत राहणाऱ्या आणि टँकर कधी येणार यावर दिवस आखणाऱ्या पाथर्डीकरांनी सहकुटुंब क्रूझने लक्षद्वीपला जावे का? जरूर जावे. मात्र माझे कारण जाहिरातीतले नाही. जाहिरात म्हणते, रोजच्यापेक्षा वेगळे जग पाहा. माझे म्हणणे असे की लक्षद्वीप ही पाथर्डीची भावकी आहे, आणि भावकीकडे एकदा तरी जाऊन यावे, नाहीतर लोक नावे ठेवतात. या नात्याचा पुरावा सातबाऱ्यावर नसून भूगर्भशास्त्रात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आज हिंदी महासागरात रेयुनियन बेट आहे तिथल्या जमिनीखालच्या चुलीवरून भारताचा भूखंड सरकत होता. त्या चुलीवर आधी दख्खनचा काळा दगड भाजून निघाला. मग भूखंड उत्तरेला सरकला आणि लक्षद्वीपच्या बुडाचे डोंगर त्याच चुलीवर चढले. पुढे ते समुद्रात खचले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली. म्हणजे आपल्या करंजी घाटातला कातळ थोरल्या पातीचा आणि लक्षद्वीपचे अगत्ती बेट धाकट्या पातीचे. थोरल्याला जमीन आली, पाणी नाही. धाकट्याला चहूकडे पाणी आणि जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, तीही ३६ बेटांत तुकडे करून. ही वाटणी कोणी केली ते कळत नाही, पण मोजणी फी भरलेली दिसत नाही.

कोणी म्हणेल, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे नाते पंगतीला चालत नाही. ठीक आहे, मग रीतभात बघा. लक्षद्वीपला जायला प्रवेशपरवाना लागतो. आपल्याच देशात परवाना कसला, असे पुण्या-मुंबईचा माणूस विचारील. ज्याला स्वतःच्या शेतात जायच्या वाटेसाठी तहसीलदाराचा हुकूम आणावा लागला आहे, तो विचारणार नाही. पुढे अगत्तीला मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आणि आत उथळ पाणी, त्यामुळे ते बाहेर खोल समुद्रात उभे राहते आणि माणसे छोट्या बोटींतून आत नेली जातात. एसटी गावात न येता फाट्यावर सोडते आणि तिथून काळी-पिवळी धरायची, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की काळी-पिवळीत लाइफ जॅकेट देत नाहीत, आणि खरी गरज तिथे असते. कोकणच्या आगबोटींतूनही प्रवासी असेच पडावात उतरत. तेव्हा त्याला हाल म्हणत, आता पॅकेज म्हणतात.

खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. तालुक्यातल्या मढीच्या यात्रेतल्या गाढवांच्या बाजारात आपण दात मोजल्याशिवाय जनावर घेत नाही, आणि क्रूझचे तिकीट निव्वळ फोटो बघून काढतो. सहकुटुंब प्रवास मात्र आपल्याला नवा नाही. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी तालुक्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. तोही चुलीसकट, पोराबाळांसकट सहकुटुंब प्रवासच, आणि चांगला पाच-सहा महिन्यांचा. तिथे उचल आधी घेऊन मग राबतात. क्रूझवर आधी हिंडून मग हप्ते फेडतात. क्रूझला सुट्टी म्हणतात, बस. पण कुटुंब एकत्र ठेवण्याची जहाजाची ताकद नाकारता येणार नाही. भर समुद्रात रुसून माहेरी जाता येत नाही, पाव्हण्यांना ‘मोटार चालू करून आलो’ म्हणून सटकता येत नाही, आणि रेंज नसल्यामुळे शेवटी एकमेकांशी बोलावे लागते. काही घरांत हा धोका ध्यानात घेऊनच तिकीट काढावे.

सगळ्यात मोठा आक्षेप पाण्याचा: जिथे नजर जाईल तिथे निळे पाणी, त्या गावाची पाथर्डीशी तुलना कसली? इथेच नाते पक्के होते. बेटाच्या वाळूत पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते. शेजाऱ्याने बोअर मारला की आपली विहीर बसते, हे पाहिलेल्याला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. म्हणून राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली लक्षद्वीपच्याच कवरत्ती बेटावर एक प्रकल्प उभारला. साडेतीनशे मीटर खोलीवरचे गार पाणी नळाने वर आणायचे, पृष्ठभागाचे कोमट पाणी निर्वात टाकीत सोडून त्याची वाफ करायची आणि गार पाण्याने ती वाफ निववायची. त्यातून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी मिळते. आपल्या हिशेबाने दहा हजार लिटरचे दहा टँकर, तेही सरपंचाला फोन न करता. बुफेतली अकरा प्रकारची गोडधोडे सोडून क्रूझवरून बघण्यासारखे काही असेल तर ते हे यंत्र. पण पॅकेजवाले आधी स्नॉर्केलिंगला नेतात. असा प्रकल्प पाथर्डीला का होऊ नये, असे परतलेला कोणीतरी ग्रामसभेत विचारणारच. होऊ शकतो. फक्त साडेतीनशे मीटर खोल समुद्र लागतो, आणि तो मंजूर करून आणण्याचा शब्द पुढच्या निवडणुकीत कोणी ना कोणी देईलच.